गेटवेचा पत्ता

माझ्या वडिलांचं आर्णीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती दुचाकीच्या मागे बांधून आणतात आणि बाबा तिच्यातली जळकी तार काढून नवी भरतात. वार्निशचा वास त्यांच्या शर्टातून कधीच जात नाही. मी इंजिनिअर झाले ती त्याच दुकानाच्या जोरावर. हे लिहायला बसले आहे तेही त्या दुकानाचा अपमान झाला म्हणून. अपमान करणारा माणूस अजून आहे, धडधाकट आहे, रोज सकाळी फिरायला जातो. मी त्याला माफ केलेलं नाही. करायचा विचारही नाही.

ते माझे सर. यवतमाळच्या ज्या खाजगी कॉलेजात मी शिकले, तिथे ते संगणक विभागाचे प्रमुख होते. शिकवायचे बरे. इंग्रजी झकास, टाय कधी सैल नाही. पुढे मी त्याच कॉलेजात नेटवर्क आणि सर्व्हर सांभाळायच्या नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं होतं, चला, ओळखीचं माणूस डोक्यावर आहे.

संस्थेने तीन मोठे सर्व्हर विकत घेतले होते. ते खोक्यांतच पडून होते, मोडक्या बाकांच्या खोलीत, वरून पालीची घाण पडत होती. मी सरांना म्हटलं, "आपण यांच्यावर आपला स्वतःचा क्लाउड उभा करू."

"कर ना," ते म्हणाले. "नाही कोण म्हणतंय?"

मी केला. आपलीच यंत्रं, आपल्याच खोलीत. त्यांच्यावर एक सॉफ्टवेअर चढवायचं, की एका खऱ्या सर्व्हरच्या पोटात अनेक आभासी सर्व्हर तयार होतात. प्रत्येकाला स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क, स्वतःचा पत्ता. मुलांनी ब्राउझर उघडावा, बटण दाबावं आणि आपला सर्व्हर घ्यावा. बिघडवला तर पुसून नवा घ्यावा. मला शिकताना असं काही मिळालं नव्हतं. आम्ही सर्व्हर फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता.

सांगायला सोपं वाटतं. पहिला आभासी सर्व्हर उभा राहिला तेव्हा तो कुणाशी बोलेचना. चालू होता, पण मुका. मी त्याला हाक मारायची, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून त्याच्या पत्त्यावर छोटासा निरोप पाठवायची, आणि उत्तर यायचं नाही. कार्यालयाचं, ग्रंथालयाचं, मुलांच्या लॅबचं असे मी नेटवर्कचे वेगवेगळे भाग पाडले होते. तार एकच, पण एका भागातलं दुसऱ्याला दिसू नये अशी सोय. चूक तिथेच होती. भिंतीवरच्या नेटवर्क स्विचच्या, म्हणजे सगळ्या केबली जिथे जोडतात त्या डब्याच्या, ज्या खाचेत माझी केबल होती, ती खाच एकाच भागाची वाहतूक पुढे सोडत होती, बाकीची गिळत होती. ते सापडलं आणि पडद्यावर उत्तरांच्या ओळी भराभर उतरू लागल्या, तेव्हा मी त्या खोलीत एकटीच मोठ्याने हसले होते.

गच्चीवरून ग्रंथालयाकडे जाणारी केबल माकडांनी दोनदा तोडली. बाबा रविवारी आर्णीहून लोखंडी पाइप घेऊन आले आणि केबल त्यात घालून दिली. सर्व्हरच्या खोलीला धड अर्थिंग नव्हतं, तेही त्यांनीच केलं. खोलीमागे खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरलं, तांब्याची पट्टी आत आणली. मी सरांची आणि त्यांची ओळख करून दिली. "सर, हे माझे बाबा." सरांनी नमस्कार केला होता. हे मुद्दाम सांगते. त्यांना माहीत होतं तो माणूस कोण आहे.

सर त्या सगळ्या काळात खोलीत आले ते फोटो काढायला.

उद्घाटनाच्या दिवशी दाराशी काळ्या दगडाची पाटी लागली. संकल्पना आणि उभारणी, खाली सरांचं नाव. माझं कुठेच नव्हतं. मी तेही गिळलं असतं. मी सभागृहात मागे प्रोजेक्टर सांभाळत होते. आई-बाबा दुसऱ्या ओळीत बसले होते, बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. वार्निशचा वास येऊ नये म्हणून आईने तो दोनदा धुतला होता. पाहुणे यायच्या थोडं आधी मागच्या खोलीत इन्व्हर्टर किंचाळू लागला. सर ओळीपाशी आले आणि वाकून बाबांना म्हणाले, "अहो, तुम्ही ते अर्थिंगवाले वायरमन ना? मागे काय वाजतंय ते बघा बरं जरा. लवकर."

बाबा उठले. त्यांच्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसलं.

फीत कापली गेली, भाषणं झाली, सरांना शाल मिळाली. बाबा परत आले तेव्हा लोक समोसे खात होते. शर्टाच्या दोन्ही बाह्यांवर काळे डाग होते. आईने त्यांच्यासाठी एक समोसा रुमालात बांधून ठेवला होता. आर्णीच्या बसमध्ये चढेपर्यंत ते एवढंच म्हणाले, "बॅटरीत पाणी नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. तिथे विभागातले तिघेचौघे चहा पीत होते. मी म्हटलं, "सर, काल तुम्ही उठवलंत ते माझे वडील होते."

"माहीत आहे ना," सर म्हणाले. "म्हणून तर हक्काने सांगितलं. घरचा माणूस."

"ते कार्यक्रमाला आले होते, सर. कामाला नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "अगं, त्यात वाईट काय वाटायचं? तेच तर काम आहे त्यांचं. आणि तुझं तरी काय वेगळं आहे? ते मोटारीत तार भरतात, तू भिंतीत भरतेस."

सगळे हसले. सर सगळ्यांत शेवटी हसले, आपला विनोद कसा बसला ते बघून घेतल्यावर.

मी खाली आले, सर्व्हरच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि खुर्चीवर बसले. पंखे घोंघावत होते. अख्ख्या कॉलेजची नाडी माझ्या बोटांखाली होती. एक ओळ लिहिली असती तर सरांची सगळी कागदपत्रं, सगळे शोधनिबंध, सगळं नाहीसं झालं असतं. मी ती ओळ लिहिली नाही. माणूस चांगला होता म्हणून नाही, तर ते फार लवकर संपलं असतं म्हणून.

मी दुसरं केलं. सरांच्या केबिनची तार नेटवर्कच्या एका वेगळ्या भागात टाकली. त्या भागात ते एकटेच. आणि त्या भागाचा वेग इतका खाली आणला की एक ईमेल उघडायला चहा संपावा. बंद नाही केलं. बंद पडलेलं लोक दुरुस्त करतात, हळू चालणाऱ्याचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. सरांनी केबल बदलून घेतली. लॅपटॉप बदलून घेतला. टेबल खिडकीकडून भिंतीकडे नेलं, मग परत खिडकीकडे. दर वेळी मी धावत जायची, खाली वाकून सॉकेट तपासायची आणि म्हणायची, "सर, बाकी सगळीकडे तर ठीक आहे. तुमच्याकडेच काय होतंय कोण जाणे." त्यांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगायची. मी ती बघायला जायची.

पण काही महिन्यांनी मला त्यात पुरेसं मिळेना. त्यांना त्रास होत होता, पण तो कशाबद्दल होतोय हे त्यांना कळत नव्हतं. मग एका दुपारी मी त्यांचा वेग पूर्ववत केला आणि मोठ्या संधीची वाट पाहू लागले.

ती चालत आली. कॉलेजची तपासणी करायला बाहेरची समिती येणार होती. संस्थेच्या अध्यक्षांनी ठरवलं की आपला क्लाउड समितीला दाखवायचा, त्यांच्यासमोर एक सर्व्हर उभा करून दाखवायचा. सर म्हणाले, "मी स्वतः करून दाखवतो." पाटीवर नाव त्यांचं होतं, दुसऱ्या कुणी दाखवून कसं चाललं असतं?

मुलांसाठी मी अशी सोय केली होती की त्यांच्या सर्व्हरला पत्ता आपोआप मिळावा, हाताने घालताच येऊ नये. कारण एक पत्ता दोघांना दिला की गोंधळ होतो. सरांना मात्र पूर्ण अधिकार हवे होते. "मी विद्यार्थी आहे का?" त्यांनी विचारलं. मी पूर्ण अधिकार दिले.

मग मी प्राचार्यांच्या खोलीत, प्राचार्यांसमोर, म्हटलं, "सर, समितीच्या आधी आपण एकदा बसू या का? मी सगळं दाखवते."

सर प्राचार्यांकडे बघून हसले. "ही मला शिकवणार."

ते नाही म्हणणार हे मला ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं होतं, आणि म्हणूनच प्राचार्यांसमोर.

समिती येणार त्याच दिवशी वणीला माझ्या मावसभावाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघालं. दिवस मावशीने ठरवला होता, मी नाही. एवढं खरं की तो ऐकल्यावर मी देवापुढे साखर ठेवली. रजेचा अर्ज दिला. सर्व्हरच्या खोलीची किल्ली आणि पासवर्ड बंद पाकिटात प्राचार्यांच्या हातात दिले. कुणाला बोट ठेवायला जागा ठेवली नाही.

वणीला मावशीच्या अंगणात मंडप होता. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात होते आणि मंडपाच्या पांढऱ्या कापडावर काळसर धूळ बसत होती. नवरीकडची मंडळी आली, टिळे झाले, साडी-चोळी झाली, पंगत बसली. पहिला घास घेतला तोच फोन वाजला. आमच्या लॅबमध्ये मदतनीस असलेल्या ताईंचा होता. मी उचलला नाही. मग त्यांचा निरोप आला: "मॅडम, सगळं बंद पडलं."

मी भातावर कढी घेतली.

फोन पुन्हा वाजला. मग प्राचार्यांचा. मग पुन्हा ताईंचा. मावशी वाढता वाढता थांबली. "कोनाचा फोन हाये वं इतका?"

"कॉलेजचा."

"मंग उचल नं. काई अर्जंट असंल."

"जेवू दे आधी, मावशी. वडा आण अजून एक."

तो वडा मी सावकाश खाल्ला. इतकं चवीचं जेवण मी त्याआधी जेवले नव्हते, त्यानंतरही नाही. तिथे काय चाललं असेल ते मला न पाहता दिसत होतं, आणि नंतर ताईंनी सांगितलं तेव्हा ते तसंच निघालं. सभागृहात समितीचे लोक, मोठा पडदा, सर टाय लावून. त्यांनी नवा सर्व्हर बनवला, इथपर्यंत ठीक. मग त्याला पत्ता विचारला गेला तेव्हा त्यांनी एक पत्ता टाइप केला, स्वतःच्या लॅपटॉपवर नेहमी दिसणारा, ओळखीचा. सर्व्हर सुरू केला. आणि पडद्यावर गोल चक्र फिरू लागलं ते थांबेचना. ग्रंथालय गेलं, कार्यालय गेलं, हजेरीचं यंत्र गेलं, प्राचार्यांचा संगणक गेला. सर घामाने निथळत तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत होते. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "हे आपणच उभारलंय ना?"

हात धुऊन मी ट्रकांच्या रस्त्याकडे गेले तेव्हा अध्यक्षांचा फोन आला. तो मात्र उचलला.

"बेटा, कुठे आहेस तू? इथे आमची लाज गेली."

"रजेवर आहे, साहेब. प्राचार्यांना विचारा."

"ते मला कळलं. आता काय करायचं ते सांग. फोन स्पीकरवर आहे, समिती इथेच बसली आहे."

समिती ऐकते आहे हे कळल्यावर माझ्या अंगावर काटा आला, सुखाचा.

"सर आहेत का तिथे?" मी विचारलं. "त्यांच्याशी बोलावं लागेल."

"बोल," सरांचा आवाज आला.

"सर, नव्या सर्व्हरला पत्ता कोणता दिलात?"

मी वाट पाहिली. शेवटी त्यांनी आकडे सांगितले.

"सर, तो गेटवेचा पत्ता आहे. कॉलेजातून बाहेर जाणारं, एका भागातून दुसऱ्या भागात जाणारं सगळं त्या दारातून जातं. तुम्ही एकाच पत्त्यावर दुसरं दार उभं केलंत. आता अर्धी वाहतूक तुमच्या रिकाम्या सर्व्हरकडे जाते आहे आणि तिथेच मरते आहे."

कुणीतरी खाकरलं.

"मग बंद करतो त्याला," सर म्हणाले.

"तिथून नाही होणार. तुमचा लॅपटॉपही त्याच दारातून जातो. खाली सर्व्हरच्या खोलीत जावं लागेल. रॅकच्या मागे, खालच्या बाजूला मॉनिटरची तार लावायची आहे. गुडघ्यावर बसावं लागेल, सर."

ते गेले. ताई अध्यक्षांचा फोन तसाच स्पीकरवर घेऊन त्यांच्याबरोबर गेल्या. मी एकेक पायरी सांगितली, हळू आवाजात, लहान मुलाला सांगावी तशी. मध्येच त्यांनी चुकीचा सर्व्हर निवडला तेव्हा मी म्हटलं, "नाही नाही, सर, नीट वाचा." तेही मागून खाली आलेल्या सगळ्यांनी ऐकलं असेल अशी आशा आहे. नकली दार बंद झालं आणि कॉलेज पुन्हा सुरू झालं.

समितीने निघण्याआधी विचारलं म्हणे, फोनवरच्या बाई कोण. अध्यक्षांनी माझं नाव सांगितलं. त्यांना ते आधीपासून माहीत होतं की त्या दिवशी कुणाला विचारून घेतलं, मला ठाऊक नाही.

सोमवारी अध्यक्षांनी मला बोलावलं. "पाटी बदलतो," ते म्हणाले. "तुझं नाव घालतो."

"दगड नको, साहेब. सरांनी आर्णीला जावं. माझ्या वडिलांकडे."

"कशाला?"

मी उद्घाटनाच्या दिवसाची गोष्ट सांगितली. त्यांनी पेपरवेट एकदा फिरवून ठेवला. मग म्हणाले, "जातील."

सर आर्णीला आले ते बाजाराच्या दिवशी. मी त्यांना तोच दिवस सांगितला होता. दुकानात गर्दी होती, कुणाची मोटार उघडी पडलेली, कुणी आपल्या पाळीची वाट बघत पोत्यावर बसलेलं. मी कोपऱ्यात उभी होते. बाबांनी हात पुसले आणि सरांना खुर्ची दिली. सर बसले नाहीत.

"त्या दिवशी माझ्याकडून चुकलं," सर म्हणाले.

"कोनत्या दिवशी जी?" बाबांनी विचारलं.

"त्या... उद्घाटनाच्या दिवशी."

"काय झाल्तं बाप्पा त्या दिवशी?" बाबांचा चेहरा अगदी साधा होता.

सरांना सांगावं लागलं. गिऱ्हाइकांच्या समोर, बाहेर बाजाराचा गलबला असताना, आवाज चढवून सांगावं लागलं, की मी तुम्हाला पाहुण्यांच्या ओळीतून उठवलं. की मला माहीत होतं तुम्ही कोण आहात. पोत्यावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "अरे अरे." सरांचे कान लाल झाले.

"असं व्हय," बाबा म्हणाले. "मले तं आठवत बी नाई, गुरुजी. चहा घेता ना?" आणि त्यांनी खरोखर चहा मागवला.

माझा इतका संताप झाला की मी दुकानातून बाहेर पडले. एवढं सगळं करून मी त्या माणसाला गुडघ्यावर आणलं होतं, आणि बाबांनी त्याला चहा पाजून मोकळं सोडलं. आठवत नाही! मला त्या काळ्या बाह्या रोज आठवत होत्या. सरांची गाडी वळून दिसेनाशी झाली तशी मी आत गेले आणि भांडायलाच लागले. "बाबा, तुम्ही असे कसे विसरलात? मी कोणासाठी करून राह्यली हे सगळं?"

बाबांनी मोटारीतून जळकी तार ओढून काढली आणि बाजूला टाकली.

"इसरीन कायले वं, बाई? आठवते म्हटलं असतं तं एका शब्दात सुटला असता थो. मले त्याच्या तोंडून आयकाचं होतं. अख्खं."

पोत्यावरचा म्हातारा हसला. बाबा हसले नाहीत, नवी तार मोजून कापू लागले. मी त्यांच्यावर गेले आहे असं लोक म्हणायचे ते मला त्या दिवशी पटलं. इतके महिने मला वाटत होतं की ही आग माझ्या एकटीच्या पोटात आहे.

सर्व्हरची खोली त्यानंतर रीतसर माझ्याकडे आली. सर विभागप्रमुख राहिले, पण नेटवर्कचं काही विचारायचं झालं की शिपायाला पाठवायचे, स्वतः यायचे नाहीत. जिन्यात समोरासमोर आलो तर ते भिंतीकडे बघत बाजूला व्हायचे. मी मधूनच चालायची.

ते निवृत्त झाले त्या दिवशी निरोपसमारंभाचं बोलावणं मला होतं. प्राचार्य म्हणाले, "दोन शब्द बोल, तुझे गुरू आहेत." मी सांगितलं, एका सर्व्हरची डिस्क खराब झाली आहे, आजच बदलायची आहे. डिस्क खरोखरच खराब झाली होती. ती बदलायला दहा मिनिटं लागतात आणि काम कुठल्याही दिवशी करता येतं. वरच्या सभागृहातून टाळ्या ऐकू येत होत्या. मी जुनी डिस्क काढली, नवी सरकवली, हिरवा दिवा लुकलुकायला लागला. दुसऱ्या डिस्कवरून सगळं तिच्यावर उतरेपर्यंत मी खुर्ची ओढून तिथेच बसून राहिले. टाळ्या थांबल्या, खुर्च्या सरकल्या, लोक जेवायला गेले. मी वर गेले नाही.